नोट वटवावी लागते

परवाची गोष्ट. दांडिया बाजारातील एका जुन्या घरी माझी शिकवणी असते. शिष्या अकरा वर्षांची. मी पेटीचा भाता सोडला तोच ती म्हणाली, "सर, माझी नोट शाळेतच राहिली."

तिचे आजोबा झोपाळ्यावर बसले होते. त्यांना अलीकडे थोडे कमी ऐकू येते, पण हा शब्द मात्र नेमका ऐकू आला. झोपाळा थांबवून त्यांनी विचारले, "केवढ्याची?"

"पैशाची नाही हो आजोबा, लिहायची नोट!" मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "सर, आज भूपच्या नोट्स कागदावरच लिहून द्या ना."

एका मिनिटात एकच शब्द तीन वेळा आला आणि तिन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा. मुलीची नोट म्हणजे वही. बडोद्याच्या मराठी घरांत वहीला ‘नोट’ म्हणतात तो गुजरातीच्या शेजाराचा परिणाम. पुण्याच्या पाहुण्याला ते चमत्कारिक वाटते, आपल्याला नाही. आजोबांची नोट म्हणजे रिझर्व्ह बँकेची. आणि भूपच्या नोट्स म्हणजे स्वर. याखेरीज परीक्षेच्या नोट्स आहेत, कचेरीतली नोट आहे, कोर्टाबाहेर शिक्का घेऊन बसणारा नोटरी आहे. इतकी कामे करणारा हा शब्द मूळचा कुठला, या विचाराने घरी येऊन मी कोश काढून बसलो. निघालो होतो सहज गंमत म्हणून. पण शब्दाने मला शेवटी माझ्याच घरातल्या एका जुन्या ट्रंकेपाशी आणून सोडले. ती हकीकत ओघाने येईलच.

‘नोट’ हा शब्द मूळचा लॅटिन. त्या भाषेत ‘नोटा’ म्हणजे खूण. कोणतीही खूण. गुरांवर उमटवलेला डाग ही नोटा, मद्याच्या रांजणावरची निशाणी ही नोटा. रोममध्ये सेन्सॉर नावाचे अधिकारी असत; एखाद्या बड्या माणसाचे वर्तन त्यांना गैर वाटले तर यादीत त्याच्या नावापुढे ते खूण करीत. त्या खुणेलाही नोटाच म्हणत, आणि तेवढ्याने त्या माणसाची अब्रू जात असे. पुढे वेगाने लिहिण्यासाठी ज्या लघुलिपीच्या खुणा निघाल्या त्यांनाही हेच नाव मिळाले. सिसेरो या प्रसिद्ध वक्त्याचा टायरो नावाचा लेखनिक होता. ती लिपी त्याच्या नावाने ओळखली जाते. अशा खुणांनी लिहिणारा तो ‘नोटारियस’, आणि कोर्टाबाहेरचा आपला नोटरी हा त्याचाच वंशज.

‘नोटीस’ हा शब्द मात्र दिसतो तितका जवळचा नाही. त्याचे मूळ ‘जाणणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. खुणेचा ‘नोटा’ही त्याच धातूतून आला असे पूर्वी सर्रास मानीत. पण एकातला ओकार ऱ्हस्व आणि दुसऱ्यातला दीर्घ, म्हणून पंडित आता तसे ठामपणे म्हणत नाहीत. एका मात्रेच्या फरकाने नाते तुटावे, ही गोष्ट गाणे-बजावणे करणाऱ्याला चटकन पटण्याजोगी आहे.

आता ही खूण गाण्यात कशी शिरली ते पाहू. सेव्हिल येथील बिशप इसिडोर हा इ. स. 636 मध्ये वारला. मोठा विद्वान माणूस. त्याने लिहून ठेवले आहे की, सूर माणसाच्या स्मरणात राहिले तरच राहतात, एरवी नाहीसे होतात; कारण ते लिहिता येत नाहीत. त्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी इटलीतील आरेझ्झो गावी ग्वीदो नावाचा एक साधू चर्चमधल्या मुलांना गाणे शिकवीत होता. मुलांच्या ध्यानात सूर राहत नाहीत ही त्याची अडचण. ती आम्हां शिक्षकांच्या चांगल्याच परिचयाची आहे! त्याने आडव्या रेघा ओढून त्यांच्यावर आणि त्यांच्यामध्ये खुणा मांडण्याची पद्धत बसवली, आणि संत जॉनच्या एका स्तोत्राच्या ओळींच्या आद्याक्षरांवरून ‘उत, रे, मी, फा, सोल, ला’ ही स्वरांची नावे घेतली. ज्या विद्येला दहा वर्षे लागत ती आता एका-दोन वर्षांत येईल, असे त्याचे म्हणणे होते. पोप एकोणिसावा जॉन याने त्याला रोमला बोलावून घेतले आणि स्वतः त्या खुणा पाहून एक ओळ म्हणून दाखवली. आज साऱ्या जगात पाश्चात्त्य संगीत ज्या रेघांवर लिहिले जाते त्यांचे मूळ तिथे आहे.

इंग्रजीत ‘नोट’ फ्रेंचमार्गे सुमारे 1300 च्या सुमारास रुळली, आणि तिच्या पहिल्या अर्थांतच हा संगीताचा अर्थ होता. चौदाव्या शतकातला कवी चॉसर हा शब्द गाण्याच्या सुरासाठी वापरतो. कागदावरच्या खुणेचे नाव असे ध्वनीला चिकटले. पुढे तर पियानोच्या पट्टीलाही इंग्रज माणूस नोटच म्हणू लागला. आणि आवाजात दुःखाची छटा असली तर तीसुद्धा एक नोटच.

आपला शब्द याच्या अगदी उलट दिशेने चालतो. ‘स्वर’ हा ‘स्वृ’ धातूपासून, म्हणजे ध्वनी करणे यापासून आला असे व्याकरणकार सांगतात. संगीतशास्त्रकारांनी त्याची आणखी एक फोड केली आहे : जो स्वतःच्या तेजाने शोभतो, दुसऱ्या कशाची मदत न घेता ऐकणाऱ्याचे मन रिझवतो, तो स्वर. तेथे कागद नाही, रेघ नाही, खूणही नाही. त्यांच्याकडे खुणेने सुराला नाव दिले. आपल्याकडे सूर हेच नाव.

पण यावरून ‘आमच्याकडे लिहिण्याची गरजच नव्हती’ अशी फुशारकी मारावयाचे कारण नाही. सामवेदाच्या पोथ्यांत अक्षरांवर आकडे घातलेले असतात, ते गायनासाठीच. तामिळनाडूत पुदुक्कोट्टैजवळ कुडुमियानमलै येथे सातव्या शतकातला एक शिलालेख आहे; त्यात स्वरांच्या ओळीच्या ओळी खडकात कोरल्या आहेत. आणि आपल्या देवगिरीस यादवांच्या दरबारी तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यातही स्वराक्षरांत मांडलेली गीते आहेत. म्हणजे लिहीत होतेच. कुडुमियानमलैच्या लेखाची गोष्ट मात्र मनाला चुटपुट लावणारी आहे. तेथे एकाच स्वराची अक्षरे अ, इ, उ, ए अशा निरनिराळ्या स्वरचिन्हांनी कोरली आहेत. त्या फरकाचा अर्थ काय, श्रुतीचा की बोटांच्या ठेवणीचा की आणखी कशाचा, यावर विद्वानांचे एकमत नाही. खडक शाबूत आहे, अक्षर शाबूत आहे. ते गाऊन दाखवणारा गळा तेवढा गेला.

येथे मला आजोबांची नोट आठवते. नोटेचा पैशाशी संबंध जुळला तो सतराव्या शतकात. लंडनचे सोनार लोकांचे सोने ठेवून घेत आणि पावती देत. ती पावती दाखवली की सोने परत मिळे. होता होता लोक सोने न्यायचे सोडून पावत्याच एकमेकांना देऊ लागले. 1694 साली बँक ऑफ इंग्लंड निघाली आणि तिनेही असे कागद काढले. आपल्या मांडवीतल्या सराफांना यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. त्यांच्या हुंड्या तेच काम करीत होत्या. दर्शनी हुंडी दाखवली की पैसे, मुदती असली तर मुदत भरल्यावर. पण हुंडीत खरी मेख एकच : ती वटवणारी पेढी उघडी पाहिजे.

आज खिशातली शंभराची नोट काढून पाहा. तिच्यावर शंभर रुपये ‘आहेत’ असे कुठेही लिहिलेले नाही. धारकास शंभर रुपये देण्याचे मी वचन देतो, असे गव्हर्नरच्या सहीने लिहिलेले आहे. मागल्या बाजूस पंधरा भाषांच्या पट्ट्यात आपल्या बडोद्याच्या दोन्ही भाषा आहेत, गुजराती वरच्या भागात आणि मराठी मधोमध. एक रुपयाच्या नोटेवर मात्र हे वचन नसते. ती सरकारची, वित्तसचिवाच्या सहीची, ती स्वतःच रुपया. बाकी साऱ्या नोटा म्हणजे वचने. कागद म्हणजे धन नव्हे, धनाबद्दल कुणीतरी दिलेला शब्द.

मला वाटते, गाण्याच्या नोटेचेही तसेच आहे. वहीतला ‘ग’ हा गंधार नव्हे; गंधाराबद्दलचे वचन आहे. ते पुरे करावयाचे ते कुणाच्या तरी गळ्याने.

आपले शहर या बाबतीत भाग्यवान. 1886 साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांची गायनशाळा येथे सुरू झाली. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती बसवली, तिच्यात पाठ्यपुस्तके केली, आणि जे गाणे गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहून मिळे ते चारचौघांच्या मुलांपुढे मांडले. सूरसागराकाठी आज विद्यापीठाची संगीत-नृत्य-नाट्याची जी फॅकल्टी आहे, तिचे मूळ ही शाळा. 1916 साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही बडोद्यास. तिच्यामागे पंडित विष्णु नारायण भातखंडे होते. भातखंड्यांची लेखनपद्धती पुढे घरोघर गेली. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी आपली वेगळी पद्धत केली. दोघेही विष्णु, दोघांचा हेतू एक, पण खुणा निराळ्या. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब दिले की तो तार सप्तकातला. पलुस्कर पद्धतीत डोक्यावर टिंब दिले की तो मंद्र! तेच टिंब, तीच जागा, आणि दोन सप्तकांचे अंतर. खुणेत स्वतःचा अर्थ नसतो, तो ठरवून घ्यावा लागतो, हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

आणि ठरवून घेतले तरी खूण कुठवर पुरते? भातखंडे पद्धतीत कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ असते. बागेश्रीचा गंधार लिहा : ‘ग’, खाली रेघ. दरबारी कानड्याचा गंधार लिहा : ‘ग’, खाली रेघ. कागदावर दोन्ही जुळे भाऊ. पण बागेश्रीचा गंधार सरळ उभा राहतो, आणि दरबारीचा त्याहून किंचित खाली, संथ झुलत, रिषभाची सावली अंगावर घेऊन येतो. तो झुला लिहिण्याला खूण नाही. लहरीची रेघ काढली तरी लाट किती उंच आणि किती वेळ, हे ती सांगत नाही.

माझे वडील दरबारचे गवई. मी त्यांचे उतारवयातले मूल. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. अण्णांना स्वरलेखन वाचता येत होते, पण त्याचे त्यांना कधी अगत्य वाटले नाही. एकदा मी त्यांना विचारले, "अण्णा, हा दरबारीचा गंधार कसा लिहू?"

"लिही की. ‘ग’ लिही."

मी लिहिला. त्यांनी तंबोरा लावला आणि पाव तास तो एकच गंधार निरनिराळ्या वाटांनी आणून दाखवला. मग तंबोरा खाली ठेवून म्हणाले, "हं. आता त्याच्याखाली रेघ ओढ."

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि मला परीक्षेची घाई होती. अण्णांची दरबारीतली एक त्रितालाची बंदिश होती, त्यांच्या गुरूंकडून आलेली. ती त्यांनी मला समोर बसवून शिकवावी अशी त्यांची इच्छा. ती एकदा उतरवून घ्यावी आणि मोकळे व्हावे अशी माझी. मी दोन बैठकांत ती दोनशे पानी वहीत लिहून घेतली. अण्णांनी वही मागून घेतली, चष्मा लावून वाचली, माझी पेन्सिल घेतली, आणि अंतऱ्यात जेथे तार षड्जावर सम येते तेथे, समेच्या फुलीखाली, एक लहानसे वर्तुळ काढले. बोलले काही नाहीत. मीही विचारले नाही. पुढे विचारू, असे म्हणालो असेन मनाशी.

2006 साली अण्णा गेले.

पुढे शिकवण्या सुरू झाल्या तेव्हा ती वही मी काढली आणि बंदिशीची स्वच्छ प्रत करावयास बसलो. ते वर्तुळ पाहून बुचकळ्यात पडलो. आमच्या लेखनात वर्तुळ म्हणजे खाली. त्रितालात खाली नवव्या मात्रेवर येते, समेवर नव्हे. रूपकात सम खालीवर असते हे खरे, पण हा तर त्रिताल. म्हाताऱ्या माणसाची नजर चुकली असेल, असे मी ठरवले. स्वच्छ प्रतीत वर्तुळ घातले नाही. मूळ वहीतलेही खोडरबराने पुसून टाकले. आणि ती बंदिश पाच-सहा विद्यार्थ्यांना शिकवली.

2019 च्या पावसाळ्यात ट्रंकेत वाळवी लागली म्हणून वह्या बाहेर काढल्या. ती जुनी वही झटकली तशी तिच्यातून पाचशेची एक नोट खाली पडली. आईची सवय, ती पैसे नेहमी पुस्तकांत ठेवी आणि विसरे. नोट कोरी करकरीत, घडीसुद्धा नाही. पण 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री तिच्यातले वचन काढून घेण्यात आले होते, आणि बँकेत भरण्याची 30 डिसेंबरची मुदतही होऊन गेली होती. कागद तोच, रंग तोच, सही तीच. वचन तेवढे नव्हते.

माझी आत्या त्या वेळी आमच्याकडे राहावयास आली होती. वयाची ऐंशी उलटलेली. तिला सा रे ग म लिहिता येत नाही. पण अण्णांचा रियाज तिने स्वयंपाकघरातून जन्मभर ऐकलेला. वही हातात होती म्हणून मी ती बंदिश म्हणू लागलो. आत्या शेंगा सोलीत बसली होती. मी अंतऱ्यात वर गेलो, समेवर षड्ज लावला, आणि ती मान वर न करता म्हणाली, "एवढी कसली रे घाई तुला? दादा तिथे गप्प बसायचा."

"गप्प म्हणजे?"

"गप्प म्हणजे गप्प. तबला वाजायचा, हा नाही. लोकांना वाटायचं आता आला, आता आला. मग यायचा." असे म्हणून तिने शेंगेची फोल बाजूला टाकली आणि पुढली शेंग घेतली.

मी ते करून पाहिले. निषादापर्यंत गेलो, आणि सम तबल्याच्या हवाली करून स्वतः थांबलो. त्या रिकाम्या मात्रेत षड्ज माझ्या आधी माझ्या कानात येऊन उभा राहिला. मग मी तो गायलो. ती बंदिश मी वीस वर्षे ओळखत होतो. त्या दिवशी ती पहिल्यांदा भेटली. अण्णांनी काढलेले वर्तुळ खालीचे नव्हतेच. तेथे गावयाचे नाही, एवढेच त्यांना सांगावयाचे होते. ती वहीतली सगळ्यांत मोलाची नोट होती, आणि ती सरकारने नव्हे, मी माझ्या हाताने रद्द केली होती.

जुन्या शिष्यांपैकी जे गावात होते त्यांना बोलावून मी चूक सांगितली. दोघे परगावी आहेत. त्यांना फोनवर सांगितले, पण फोनवर शांतता नीट ऐकू जात नाही. ते बडोद्यास येतील तेव्हा समोर बसवून सांगेन. वहीत त्या जागी वर्तुळ पुन्हा काढले आहे, आणि शेजारी त्याचा अर्थही लिहिला आहे. आत्या आता नाही. ती होती म्हणून त्या दिवशी पेढी उघडी सापडली.

मी स्वरलेखनाच्या विरुद्ध आहे असे कुणी समजू नये. मौलाबक्ष आणि दोन्ही विष्णु यांनी लिहून ठेवले नसते तर माझ्यासारख्याच्या घरी शिकवणीला मुलेच आली नसती, आणि शेकडो बंदिशी त्या त्या गवयाबरोबर स्मशानात गेल्या असत्या. अण्णांची बंदिशही वहीत होती म्हणूनच आत्याच्या कानावर पुन्हा पडली. कागद हवाच. फक्त नोट हाती आली म्हणजे धन हाती आले, असे मानू नये. आपल्या घरांत अशा किती वह्या असतील! आजीच्या ओव्यांच्या, कीर्तनातल्या पदांच्या, जुन्या नाट्यगीतांच्या. त्या वाळवीपासून जपाव्या हे तर खरेच. पण त्या म्हणून दाखवणारे माणूस अजून झोपाळ्यावर बसलेले असेल तर त्याच्यापाशी आजच जाऊन बसावे.

तर त्या दिवशी मुलीला मी भूपचे स्वर कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहून दिले. ती वाचून गाऊ लागली तसा मी तो कागद तिच्याकडून घेतला, घडी केली आणि पेटीवर ठेवला. म्हटले, "आधी माझ्यामागून म्हण. कागद घरी ने." ती थोडी हिरमुसली, पण म्हणू लागली. तिसऱ्या खेपेस तिचा गंधार बरोबर जागी बसला.

झोपाळ्यावरून आजोबांनी विचारले, "काय मास्तर, नोट खरी आहे ना?"

"खरी आहे," मी म्हणालो, "आत्ताच वटली."